खारी बावली पायी कशी फिरायची: दिल्लीला जाणाऱ्यांसाठी

दिल्लीला आलेली आपली मंडळी लाल किल्ला बघतात, चांदनी चौकात पराठे खातात आणि परत फिरतात, आणि त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला मसाल्याची केवढी मोठी बाजारपेठ आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. खारी बावली. आशियातला सगळ्यात मोठा घाऊक मसाला बाजार म्हणून तिचं नाव घेतात. आमच्याकडे पुण्या-नागपूरहून पाहुणे आले की मी त्यांना तिकडे घेऊन जाते आणि दर वेळी तेच प्रश्न येतात, कधी जायचं, सुरुवात कुठून करायची, काय घ्यायचं, फसवणार तर नाहीत ना, म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकते.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी. ही चालू मंडी आहे, कोणी तुमच्या-माझ्यासाठी सजवून ठेवलेली नाही. इथे रोज ट्रक-टेम्पोंनी माल येतो, पोती उतरतात, तोलली जातात, पुन्हा भरली जातात आणि उत्तर भारतातल्या कुठल्या कुठल्या गावांतल्या दुकानांत जातात. हे सगळं काम पाठीवर आणि हातगाड्यांवर चालतं. पल्लेदार, म्हणजे आपले हमाल, पाठीवर पोतं घेऊन मान खाली घालून येत असतात, त्यांना समोरचं फार दिसत नाही आणि मध्येच थांबताही येत नाही. तुम्ही रस्त्यात उभं राहून फोटो काढत असाल तर धक्का लागणार, आणि त्यात त्याचा तोल गेला तर लागतं त्याला. म्हणून कडेने चालायचं, "साइड, साइड" असं ऐकू आलं की मागे वळून बघत न बसता आधी बाजूला व्हायचं, आणि थांबायचंच असेल तर एखाद्या दुकानाच्या पायरीवर चढून थांबायचं. एवढं पाळलंत तर बाकी बाजार तुम्हाला हवं तितकं फिरू देतो, कोणी काही बोलत नाही.

कधी जायचं

रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. बाकी दिवशी सकाळी साडेदहा-अकराच्या आसपास पोचा. त्याआधी गेलात तर अर्धी शटर खाली, आणि दुपारनंतर गेलात तर गर्दी इतकी की पाय उचलायलासुद्धा जागा नसते. शुक्रवारी दुपारी फतेहपुरी मशिदीत नमाजाची गर्दी असते तेव्हा तो वेळ टाळलेला बरा. महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण दिवाळीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस सोडून, कारण तेव्हा सगळी दिल्ली सुकामेवा घ्यायला इथेच आलेली असते. मे-जूनच्या उन्हात लहान मुलांना घेऊन तर अजिबात नको. आणि २६ जानेवारी, १५ ऑगस्टच्या आसपास लाल किल्ल्याच्या बाजूला बंदोबस्त कडक असतो, रस्ते बंद असतात, तेही लक्षात ठेवा.

वेळ किती लागतो? नुसतं अंतर बघितलं तर रस्ता अर्धा-पाऊण किलोमीटरचाच आहे, चालून दहा मिनिटांत संपेल. पण नीट बघायचं आणि थोडं घ्यायचं असेल तर तीन तास हाताशी ठेवा.

अंगावर साधे कपडे, पायात बंद बूट किंवा सॅंडल (चपला नकोत, पायावरून हातगाडीचं चाक जाऊ शकतं), पाकीट पुढच्या खिशात, पर्स आडवी गळ्यात. सोबत दोन कापडी पिशव्या, थोड्या झिपच्या पिशव्या, एक मार्कर पेन, पाण्याची बाटली आणि मास्क. मास्क विसरू नका, का ते पुढे सांगते. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्या दिवशी चष्मा घाला. आणि ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी बाजार बाहेरून बघावा, मिरचीच्या भागात आत जाऊ नये, हे मी अगदी मनापासून सांगते.

कसं पोचायचं आणि सुरुवात कुठून

मेट्रोच्या यलो लाइनवर चांदनी चौक स्टेशनला उतरा. बाहेर पडून गल्लीतून चांदनी चौकाच्या मुख्य रस्त्यावर आलात की डावीकडे लांब लाल किल्ला आणि उजवीकडे फतेहपुरी मशीद. आपल्याला उजवीकडे जायचंय. हा लाल किल्ला ते फतेहपुरीचा पट्टा २०२१ मध्ये नवा करून खुला केला, तेव्हापासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंद आहे त्यामुळे चालायला बरं पडतं. सायकल रिक्षा मिळतात, बसायच्या आधी भाडं ठरवून घ्या, आणि रिक्षावाला "मेरी जान-पहचान की दुकान है" म्हणायला लागला तर नको म्हणून सांगा, आपल्याला फक्त फतेहपुरीला सोडायचं. ज्येष्ठ मंडळी असतील तर मात्र रिक्षा नक्की करा, पुढच्या चालण्यासाठी त्यांचे पाय शिल्लक राहतात.

एक घोटाळा नेहमी होतो. दिल्लीत लाहोरी गेट दोन आहेत. एक लाल किल्ल्याचा दरवाजा, जिथून आपण तिकीट काढून आत जातो, आणि दुसरा जुन्या शहराच्या तटबंदीचा, खारी बावलीच्या पश्चिम टोकाला. हा दुसरा दरवाजा आता उभा नाही, नाव तेवढं चौकाला राहिलंय. मॅपवर नुसतं लाहोरी गेट टाकलंत तर भलत्याच टोकाला पोचाल, म्हणून फतेहपुरी मशीद टाका.

वाटेत कटरा नील नावाच्या गल्लीपाशी लाला चुन्नामल या व्यापाऱ्याची हवेली लागते, ती थांबून बघा, कारण तिची आणि मशिदीची गोष्ट एकमेकांत अडकलेली आहे. फतेहपुरी मशीद १६५० मध्ये शाहजहानची बेगम फतेहपुरी बेगम हिने बांधली. लाल दगडाची, एकाच घुमटाची. १८५७ नंतर इंग्रजांनी दिल्लीतल्या मुसलमानांवर राग काढला तेव्हा ही मशीद चक्क लिलावात काढली आणि लाला चुन्नामल यांनी ती १९,००० रुपयांना घेतली. त्यांनी ती पाडली नाही. पुढे १८७७ मध्ये सरकारने चार गावांच्या बदल्यात ती परत घेऊन मुसलमानांच्या ताब्यात दिली. एका हिंदू व्यापाऱ्याच्या घरात ही मशीद वीस वर्षांच्या आसपास राहिली आणि आजही तिथे नमाज होतो, हे मला त्या बाजारातलं सगळ्यात मोलाचं वाटतं आणि मी प्रत्येक पाहुण्याला ते सांगतेच.

मशिदीला तीन दरवाजे आहेत. पूर्वेचा चांदनी चौकाकडे, उत्तरेचा थेट खारी बावलीवर. नमाजाची वेळ नसेल तर डोकं झाकून, चपला हातात घेऊन पूर्वेच्या दरवाजाने आत जा, अंगणात पाच मिनिटं बसा आणि उत्तरेच्या दरवाजाने बाहेर पडा. आतली शांतता आणि बाहेर पाऊल टाकल्या टाकल्या अंगावर येणारा धण्या-मिरचीचा वास, हा बदल अनुभवायचा तर हाच रस्ता.

बावली कुठे गेली

हा प्रश्न सगळे विचारतात. खारी बावली म्हणजे खाऱ्या पाण्याची पायऱ्यांची विहीर. ती १५५१ च्या सुमाराला, शेरशाह सूरचा मुलगा इस्लामशाह याच्या काळात बांधून झाली, म्हणजे शाहजहानने शहर वसवायच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधी. पाणी खारट म्हणून गुरांना आणि आंघोळीला वापरायचे. आज तिचा दगडसुद्धा दिसत नाही, सगळं रस्त्या-दुकानांखाली गेलं, त्यामुळे शोधत फिरू नका. शाहजहानाबाद १६३९ ते १६४८ या काळात उभं राहिलं, लाहोरकडून येणारा रस्ता या दरवाजातून शहरात शिरायचा, आणि व्यापाऱ्यांचा माल जिथे शहरात शिरतो तिथेच बाजार भरतो, इतकं ते सरळ आहे.

आपल्या लोकांसाठी एक जोड देते. १७८८ ते १८०३ ही वर्षं या शहरावर शिंद्यांचा अंमल होता, आधी महादजी आणि मग दौलतराव. ११ सप्टेंबर १८०३ ला पटपडगंजच्या लढाईत इंग्रज जिंकले आणि दिल्ली हातची गेली. तेव्हा या रस्त्यावर चालताना आपण अगदीच परक्या गावात आलोय असं समजू नका.

पहिली फेरी, काहीही न घेता

उत्तरेच्या दरवाजातून बाहेर आलात की डावीकडे वळा, आता तुम्ही पश्चिमेला चाललात. पहिली फेरी शेवटपर्यंत करा आणि काहीही विकत घेऊ नका. अगदी सुरुवातीच्या दुकानांत पुढे मांडलेली रंगीत मसाल्यांची ताटं, गुलाबाच्या पाकळ्या, "काश्मिरी केसर" च्या डब्या, सगळं बघून हात शिवशिवतात, पण थांबा. पुढे पन्नास पावलांवर तोच माल वेगळ्या भावाने असतो, कधी कमी कधी जास्त, आणि जास्त असला तर का जास्त हे बघितल्याशिवाय कळत नाही. दोन-तीन ठिकाणी नुसता भाव विचारा, "साबुत धनिया क्या किलो?" एवढंच. वेलचीचा, जिऱ्याचा आणि मिरीचा भाव तीन ठिकाणी विचारलात की बाजाराचा अंदाज येतो.

दुकानांच्या पाट्या वाचत चला. इथे काही जुनी दुकानं नावाने नाही तर नंबरने ओळखली जातात, म्हणजे अमुक नंबर की दुकान, तांदळाच्या दुकानालासुद्धा नंबरच. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली दुकानं आहेत, आजोबांच्या गादीवर आता नातू बसलाय आणि त्याच्या हातात कॅल्क्युलेटरऐवजी मोबाइल आहे. आणि मान वर करून वरचे मजलेही बघा. खाली शटर आणि बोर्ड, वर मात्र जुन्या कमानी, लाकडी सज्जे, लोखंडी कठडे, आणि या सगळ्यावरून विजेच्या तारांचं जाळं.

गदोदिया मार्केट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मशीद मागे टाकल्यावर लगेच, त्याच बाजूला म्हणजे तुमच्या डाव्या हाताला, आत जाणारा एक दरवाजा आहे, गर्दीत पटकन दिसत नाही, कोणालाही "गदोदिया मार्केट?" विचारा, हात करून दाखवतील. १९२० च्या दशकात व्यापाऱ्यांनी बांधलेली ही इमारत, मध्ये चौक आणि चारी बाजूंनी मजले. चौकात मिरचीची, हळदीची, धण्याची पोती रचलेली, आणि इथे आलात की पहिल्या मिनिटाला खोकला सुरू होतो. तुम्हालाच नाही, सगळ्यांनाच, तिथे रोज काम करणारेही खोकत असतात. पोती उचलताना-टाकताना सुक्या मिरचीची बारीक धूळ हवेत उडते आणि ती घशात-डोळ्यात जाते. म्हणून मास्क. मास्क नसेल तर ओला रुमाल नाकावर धरा, डोळे चोळू नका, त्याने आणखी झोंबतं. त्रास फार झाला तर सरळ बाहेर मोकळ्यावर या, पाच मिनिटांत कमी होतं.

चौकातून जिने वर जातात. जिना अरुंद, अंधारा, आणि त्यावरूनही माल चढतो-उतरतो, तेव्हा भिंतीला चिकटून चढा. वर गच्चीवर गेलात की एका बाजूला फतेहपुरी मशिदीचा घुमट आणि अंगण, हवा स्वच्छ असेल तर लांब जामा मशीद आणि लाल किल्ला, आणि खाली मुंग्यांसारखी चाललेली माणसं. फोटो इथले छान येतात पण दोन गोष्टी पाळा. कठड्यावर बसू नका, बांधकाम शंभर वर्षांचं आहे. आणि वरच्या मजल्यांवर कामगार राहतात, कोणी आंघोळ करत असतं, कोणी स्वयंपाक, कोणी रात्रपाळी करून झोपलेलं असतं, ते त्यांचं घर आहे. विचारल्याशिवाय माणसांचे फोटो काढायचे नाहीत. विचारलंत तर बहुतेक जण हसून हो म्हणतात आणि कुठलं पोतं कुठून आलंय तेही सांगतात. मुलं सोबत असतील तर हात सोडू नका.

आता खरेदी

पहिली गोष्ट म्हणजे नमुना घरून न्या. खरंच. गोड्या मसाल्याचं सामान घ्यायचं असेल तर घरच्या डब्यातलं दगडफूल, नागकेशर, शहाजिरं, रामपत्री यांचे चार-चार तुकडे छोट्या पुड्यांत बांधून न्या. तोंडी नावांत गोंधळ होतो, शहाजिरं मागितलं की कोणी काळं जिरं देतो, कोणी कलौंजी पुढे करतो. नमुना समोर ठेवला की प्रश्नच मिटतो. दगडफूल तिकडे पत्थर के फूल म्हणून मिळतं, जायपत्री जावित्री, मसाला वेलची बड़ी इलायची, तमालपत्र तेजपत्ता, ओवा अजवाइन, बाकी जमतं. तिरफळ मात्र तिथे विचारत बसू नका, ते आपल्या कोकणातूनच आणायचं.

दुसरी, अख्खाच मसाला घ्या. पूड घेऊ नका. पुडीत काय आहे हे बघून कळत नाही, अख्ख्या मालात कळतं. आणि कळायला काही मशीन लागत नाही, नाक, नख आणि डोळे पुरतात.

लवंग घेताना डोक्यावरची गोल कळी शाबूत आहे का बघा, मग एक लवंग नखाने दाबा, तेल दिसलं पाहिजे. तेल काढून घेतलेली लवंग सुरकुतलेली, हलकी आणि नुसतीच काळपट असते. वेलची फोडून दाणे बघा, काळेभोर, किंचित चिकट आणि भरलेले हवेत, फिके-सुके दाणे असतील तर ती जुनी. साल हिरवीगार दिसते म्हणून भुलू नका, ओल्या बोटाने घासून बघा, बोटाला रंग लागला तर ठेवून द्या. वेलचीचा भाव आकारावर ठरतो, मोठी म्हणजे महाग, पण घरच्या चहाला आणि श्रीखंडाला मध्यम आकाराची भरलेली वेलची पुष्कळ झाली.

मिरी मूठभर हातात घेऊन बघा, जड लागली पाहिजे. पपईच्या बिया मिसळण्याची जुनी खोड या धंद्यात आहे, त्या आकाराने थोड्या लांबट आणि हलक्या असतात, चावल्या तर तिखटपणा नाही. ग्लासभर पाण्यात टाकलंत तर भरलेली मिरी खाली बसते आणि पपईची बी वर तरंगते. दुकानात ग्लास मागायला संकोच वाटत असेल तर दोन दाणे चावा, कळतंच.

दालचिनीत दोन प्रकार. जाड, कडक, एकाच पापुद्र्याची गुंडाळी म्हणजे कॅसिया, बाजारात दालचिनी म्हणून बहुतेक हीच मिळते. पातळ पापुद्र्यांच्या अनेक थरांची, हाताने सहज चुरडणारी, वासाला गोडसर असते ती सिलोनची. बिर्याणी आणि मसाल्याला पहिली चालते, रोज चहात किंवा काढ्यात घालणार असाल तर सिलोनची मागा, कारण कॅसियात कूमारिन नावाचा घटक जास्त असतो आणि तो रोज खूप पोटात गेला तर यकृताला बरा नाही.

हिंगासाठी खारी बावली नक्की. आपण वापरतो तो हिंग मूळचा अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान या बाजूचा, एका झाडाच्या मुळातून निघणारा चीक. भारतात त्याची लागवड अगदी अलीकडची, ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात पहिली रोपं लावली. कच्चा हिंग इतका उग्र असतो की तो थेट वापरत नाहीत, त्यात मैदा किंवा कणीक आणि डिंक मिसळून जो करतात तो बांधणी हिंग, डबीतला असतो तो हाच. म्हणजे डबीवर पीठ लिहिलेलं दिसलं तर ती भेसळ नव्हे, प्रश्न हिंगाचं प्रमाण किती हा आहे. दुकानात दोन-तीन प्रतीचे हिंग असतात, वास घेऊन बघा आणि थोडासाच घ्या, वीस-पंचवीस ग्रॅम एका घराला कितीतरी दिवस पुरतो. घरात कोणी गव्हाचं पथ्य पाळत असेल तर तसं स्पष्ट सांगून घ्या.

केशर रस्त्यावर, ताटात मोकळं ठेवलेलं, अजिबात घेऊ नका. मक्याच्या कणसाचे तंतू रंगवून विकतात. पक्क्या दुकानातून, सीलबंद, एक ग्रॅमची डबी, बिल घेऊन. काश्मिरी केशराला २०२० मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, डबीवर तसं आहे का बघा. घरी आल्यावर दोन काड्या कोमट पाण्यात टाका, खरं केशर हळूहळू पिवळं सोडतं आणि काडी लालच राहते, नकली भसकन रंग सोडतं आणि काडी पांढरी पडते.

आणि हळद-मिरची? दिल्लीहून वाहून आणू नका, असं माझं स्वच्छ मत आहे. सांगलीची हळद आपली, वायगावची आपली, भिवापूरची मिरची आपली, लवंगी-संकेश्वरी आपल्या बाजारात, आणि ब्याडगी तर शेजारच्या कर्नाटकातून थेट येते. गदोदियातली मिरचीची पोती बघायची, वास घ्यायचा, पण खरेदीचे पैसे तिकडच्या खास गोष्टींवर घालायचे. म्हणजे काय तर आमचूर, अनारदाणा, कसुरी मेथी, काळं मीठ, मोठी वेलची, बारीक लखनवी बडीशेप. हे तिथे ताजं आणि भरपूर असतं.

सुकामेव्याची दुकानंही याच रस्त्यावर आहेत. बदामात गुरबंदी म्हणून लहान, किंचित कडवट, तेलाचा अफगाणी बदाम असतो तो चाखून बघा, दोऱ्यात ओवलेले अफगाणी अंजीर, जर्दाळू, काश्मिरी अक्रोड, बिहारचे मखाणे. चाखायला मागा, देतात. अक्रोड मात्र फोडून बघितल्याशिवाय घेऊ नका, खवट निघाला तर सगळे पैसे वाया.

जडीबुटीची दुकानं बघायला विसरू नका, शिकेकाई, रिठा, आवळकाठी, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, नागरमोथा, अशा शेकडो गोष्टी पोत्यांतून मांडलेल्या असतात. केसांसाठी शिकेकाई-रिठा जरूर घ्या. पण औषध म्हणून कोणी काही पुडी बांधून देत असेल, मधुमेह जातो, गुडघे बरे होतात वगैरे, ते घेऊ नका, आपल्या वैद्यांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

भावाबद्दल सांगायचं तर, मोठे घाऊकवाले शंभर ग्रॅम देणार नाहीत आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, त्यांचा व्यवहार पोत्यांचा. रस्त्यालगतची दुकानं पाव किलो, शंभर ग्रॅमही देतात. घासाघीस थोडी चालते, पण कपड्यांच्या बाजारासारखं अर्ध्यावर या असं इथे होत नाही, पाच-सात वस्तू एकाच दुकानातून घेतल्या तर ते स्वतःच थोडं कमी करतात. भाव किलोचा सांगतात, वजनाचा काटा आपल्यासमोर शून्यावर आहे का बघा, आणि प्रत्येक पुडीवर तिथल्या तिथे मार्करने नाव लिहा, कारण घरी आल्यावर दहा सारख्या पुड्यांतून रामपत्री शोधणं कठीण होतं. यूपीआय सगळीकडे चालतं, तरी हजार-दीड हजार रोख जवळ ठेवा.

पुढे आणि परत

लाहोरी गेटच्या चौकापर्यंत गेलात की बाजार बदलतो. तिथून नया बाजार सुरू होतो, धान्याची मोठी मंडी, डाळी-तांदळाची पोती. आर्य समाजाचे नेते स्वामी श्रद्धानंद यांची २३ डिसेंबर १९२६ ला हत्या झाली ती इथल्याच त्यांच्या राहत्या घरी. धान्यात रस नसेल तर इथून परत फिरा आणि दुसऱ्या बाजूच्या फुटपाथने फतेहपुरीला या, खरेदी या परतीच्या वाटेवर करायची, म्हणजे ओझं कमी वाहावं लागतं. मधल्या तिलक बाजारात अत्तरं आणि रसायनांची दुकानं आहेत, उदबत्ती-साबणाचा घरगुती व्यवसाय करणाऱ्यांनी डोकवावं, बाकीच्यांनी सोडलं तरी चालेल.

आता खाणं. फतेहपुरीच्या कोपऱ्यावर ग्यानीजची रबडी-फालुदा आहे, जड असतो, एकात दोघं खा. तिथेच चैनाराम, फाळणीनंतर लाहोरहून आलेले सिंधी हलवाई, त्यांचा कराची हलवा आणि सोहन हलवा घरी न्यायलाही टिकतो. मिरचीच्या धुळीनंतर घशाला लस्सीसारखं दुसरं काही नाही, ती फतेहपुरीच्या नाक्यावर मिळते. स्वच्छतागृहाची सोय मात्र मेट्रो स्टेशनवरच उरकून घ्या, बाजारात बायकांची फार पंचाईत होते.

पाय अजून चालत असतील तर परतताना बल्लीमारानमध्ये वळा, तिथे गली कासिम जानमध्ये मिर्झा गालिब यांची हवेली आहे, लहानशीच आहे, वीस मिनिटांत बघून होते.

सामान घरी आणताना

विमानाने येणार असाल तर मसाला सगळा चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या बॅगेत ठेवलात तर सिक्युरिटीला अडवतात, तिखट तर हमखास काढून ठेवायला लावतात. हिंग काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, बाटली प्लॅस्टिकमध्ये, आणि ती कपड्यांपासून लांब, नाहीतर साड्यांना वास लागतो तो धुऊनही लवकर जात नाही. रेल्वेने येणार असाल तर डब्यातल्या बाकीच्यांचा विचार करून तेच करा.

घरी पोचल्यावर पुड्या तशाच ठेवू नका. बाजारात माल उघडा असतो, धूळ बसते, कधी किडेही असतात. धणे-जिरे-बडीशेप निवडून, चाळून, एक दिवस ऊन दाखवा. लवंग, वेलची, जायपत्री, दालचिनी यांना ऊन नको, वास उडतो, ती नुसती कोरड्या फडक्याने पुसून हवाबंद बरणीत भरा. खसखस आणि सुकामेवा फ्रीजमध्ये. बरणीवर नावाबरोबर महिना लिहा, अख्खा मसाला नीट ठेवला तर वर्षभर चांगला राहतो, आणि गोडा मसाला करणार असाल तर सगळं सामान आणल्यापासून महिन्याभरात भाजून कुटून टाका, तेव्हा त्याचा वास सगळ्यात चांगला उतरतो.